अफूच्या परवान्याला वारस नसतो

ज्या खात्यात माझी उभी हयात गेली, त्याच्या पाटीवर दोन नावं एका ओळीत नांदत होती. दारूबंदी आणि उत्पादन शुल्क. पहिल्याचा अर्थ पिऊ नका, दुसऱ्याचा अर्थ पिणार असाल तर कर भरा. एवढी वर्षं त्या पाटीखालून ये-जा करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण पगार दोन्ही नावांचा मिळून एकच येत असे. वाईला आमची आई घाटावर बायकांना ‘मुलगा सरकारात आहे’ एवढंच सांगायची आणि कोणी खातं विचारलंच तर धुण्याची बादली उचलून चालू लागायची. माझ्या लग्नाच्या वेळी एका मुलीच्या वडिलांनी मी पितो का असं विचारलं, दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी वरकमाई कितपत होते असं विचारलं. मी दोघांनाही खरं ते सांगितलं आणि दोन्ही स्थळं गेली.

संपादकांनी माझ्याकडे छाप्यांच्या थरारक हकिकती मागितल्या आहेत. छाप्यात थरार फार थोडा असतो, वाट बघणंच जास्त. त्यातही सगळ्यात जास्त वाट बघावी लागते ती पंचांची. जप्तीच्या वेळी दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित इसम हजर लागतात, त्यांना पंच म्हणायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी नेमणूक विट्याला होती. त्या भागात असे दोन इसम शोधणं दारू शोधण्यापेक्षा अवघड. जो प्रतिष्ठित असे तो पंच व्हायला तयार नसे आणि जो तयार असे तो सकाळपासूनच प्यालेला असे. मग त्यातल्या त्यात सरळ उभा राहू शकणारा निवडायचा आणि येरळा नदीच्या पात्रात उतरायचं. भट्टीवाले गूळ आणि नवसागराचं रसायन पिंपात भरून वाळूत पुरून ठेवत. आम्ही लोखंडी सळई खुपसत वाळूतून चालायचो. टणकन आवाज आला की उकरायचं, ओतायचं, पिंप फोडायचं आणि पंचनामा लिहायचा. भट्टीवाला कधीच जागेवर नसे. आम्ही निघणार असल्याचं आमच्या जीप ड्रायव्हरच्या आधी त्याला कळलेलं असे.

त्या पट्ट्यातल्या बहुतेक पिंपांचे मालक तात्या होते. मालक होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त पुरावा नव्हता. कडक इस्त्रीची टोपी, कपाळाला यमाईचा अंगारा, औंधच्या डोंगराची पौर्णिमेची चढण कधी न चुकवणारा माणूस. स्वतः थेंबाला शिवत नसत. आमच्या खात्याचा दारूबंदी सप्ताह असे, तेव्हा गावातल्या सभेचा मांडव, सतरंज्या आणि पाहुण्यांचं जेवण तात्यांकडून येई. व्यासपीठावर पहिली खुर्ची त्यांची. दारूने संसार कसे धुळीला मिळतात यावर त्यांच्याइतकं पोटतिडकीने मी कोणालाच बोलताना ऐकलं नाही. ते बोलायचे ते खरंही होतं, कारण असे संसार त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते.

नवीन होतो तेव्हा हे मला ढोंग वाटे. पुढे बहात्तरचा दुष्काळ सरला आणि सरकारने देशी दारूची परवानाधारक दुकानं उघडायची ठरवली, तेव्हा मला तात्यांचा प्रामाणिकपणा कळला. विट्यात दुकान उघडायचं ठरल्यावर निषेधाचं निवेदन घेऊन पहिले तात्याच आले. मागे भजनी मंडळ होतं. निवेदन दिल्यावर मंडळाला त्यांनी बाहेर चहाला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढून ते मला म्हणाले, “सायेब, तुमी कायदेवाली माणसं. एवढं तरी तुमच्या ध्यानात यावं. बंदी हाय म्हणून आमच्या मालाला भाव हाय. उद्या दुकानात बाटली मिळाया लागली, तर वाळूत हात कोण घालील?”

त्या एका वाक्यात त्यांनी मला जे अर्थशास्त्र शिकवलं ते आमच्या प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. दुकान उघडलं. त्याने रामराज्य आलं असं मी म्हणणार नाही, पिणारे पीतच राहिले, बायका मारही खात राहिल्या. पण विषारी दारूने माणसं आंधळी होऊन सरकारी दवाखान्यात आणली जात, ते आमच्या भागात जवळपास थांबलं. आणि माझ्या सळईला वाळूत नुसती वाळू लागू लागली. आमच्या कचेरीत सगळ्यांना थोडं उदास वाटलं हे कबूल केलं पाहिजे. तात्या मात्र उदास होऊन बसणारे नव्हते. सरकारने काय मोकळं केलं याकडे पाठ फिरवून, अजून कशावर बंदी आहे याची त्यांनी चौकशी केली. गांजा आणि अफू शिल्लक होती. माळव्याकडून येणारे ट्रक होते. विट्याच्या कोर्टासमोर त्यांच्या पुतण्याची चहाची टपरी होती. धंदा रुळावर यायला फार वेळ लागला नाही.

इथे मला अफूच्या परवान्याबद्दल सांगायला हवं, कारण असा परवाना असायचा हे आताच्या मुलांना खरं वाटत नाही. फार पूर्वी, दारूबंदी आली त्या काळात, ज्यांना अफूची जुनी सवय होती त्यांची नावं सरकारने लिहून घेतली. डॉक्टरने तपासलं, रोजचं प्रमाण ठरवलं आणि परवाना दिला. मग यादी बंद केली. नवीन नाव घालायचं नाही, जुनी माणसं आपोआप संपतील आणि त्यांच्याबरोबर अफूही संपेल, असा तो विचार होता. तोवर परवानेवाल्यांनी महिन्यातून एकदा तालुक्याच्या खजिन्यात यायचं. तिथे स्टॅम्पपेपरच्या शेजारी, दोन कुलपांच्या पेटीत, सरकारची अफू असे. चोख, मोजलेली, सरकारी भावाची. म्हणजे मी ज्या पदार्थासाठी एकाला बेड्या घालत होतो, तोच पदार्थ भिंतीपलीकडे दुसऱ्याला सही घेऊन दिला जात होता.

माझ्या वेळी परवानेवाले मूठभर उरले होते. त्यात एक हवालदार होते. विट्याहून औंधकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात त्यांची विहिरीवरची थोडी बागायत होती. महायुद्धात परदेशी लढताना मांडीत लोखंडाचा तुकडा राहिला होता, तिकडच्या इस्पितळात दुखणं दबवायला जे देत त्याची सवय घेऊन ते घरी आले होते. नाव मागे पडून नुसते ‘हवालदार’ उरलेले. महिन्याच्या ठरल्या दिवशी धुतलेलं धोतर, पायात वहाण, खजिन्याच्या पायरीवर हजर. माणूस ताठ, बोलणं स्वच्छ, सत्तरी उलटली तरी मोट सोडून इंजिन बसवलं म्हणून स्वतःवर चिडणारा. अफूबाज म्हणजे खाटेवर पेंगणारा सांगाडा, अशी माझी समजूत होती. ती हवालदारांनी पार मोडली.

मला फक्त त्यांच्या प्रमाणाचा संशय होता. डॉक्टरने त्यांना लिहून दिलेलं रोजचं माप बैलालाही पुष्कळ झालं असतं. हा म्हातारा निम्मी अफू बाहेर विकतो, असं मी ठरवून टाकलं आणि एका सकाळी आमच्या वरिष्ठांना बरोबर घेऊन अचानक त्यांच्या घरी धडकलो. हवालदार ओसरीवर चहा घेत होते. त्यांनी आमच्यादेखत डबी उघडली, गोळीचे नखाने दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा न बोलता मागे धरला. दारातून बांगड्यांचा हात आला आणि तुकडा घेऊन आत गेला. तो हात हौसाबाईंचा. हवालदारांची बायको, गाव तिला हवालदारीण म्हणे.

पाचव्या बाळंतपणात तिचं पोट बिघडलं होतं. त्या कळांवर नवऱ्याने स्वतःची गोळी मोडून दिली होती, आणि तेव्हापासून ती दोघं एकाच मापावर जगत होती. नावं लिहून घेतली गेली तेव्हा हवालदारांनी दोघांचं मिळून माप आपल्या एकट्याच्या नावावर सांगितलं. मी विचारलं, त्याच वेळी बायकोचं नाव वेगळं का नाही घातलं. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, “आवं सायेब, रेशनचं कारड घरात एकच असतंय का न्हाई? कर्त्याच्या नावावर समद्या घराचं.”

परवान्यातली अफू बायकोला देणं हाही गुन्हाच होता. वरिष्ठांनी चहा संपवला आणि जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, घरातलं घरात जातंय, निम्मं सरकार तसंच चाललंय, सोडा. आम्ही सोडलं. त्या घरात शेती पिकत होती, पोरगा शिकून गलाईच्या दुकानात सोनं गाळायला दूर मद्रासकडे गेला होता, कोणाची चोरी नव्हती, कोणाशी भांडण नव्हतं. सरकारने चोख माल दिला, मोजून दिला, यापलीकडे त्यांना सरकारकडून काही नको होतं.

मग हवालदार वारले. पावसाळ्याच्या तोंडाला, झोपेतच. नियमाप्रमाणे त्यांचं नाव यादीतून गेलं. महिन्याच्या ठरल्या दिवशी खजिन्याच्या पायरीवर हौसाबाई उभी होती. पांढरं कपाळ, हातात नवऱ्याचा परवाना, तलाठ्याचा मृत्यूचा दाखला आणि खरोखरच रेशनकार्ड. खजिन्यातल्या कारकुनाने तिला माझ्याकडे पाठवलं. तिने सगळे कागद टेबलावर नीट मांडले आणि म्हणाली, “जमिनीला वारस लावला, तलाठ्यानं लगीच लावला. ह्याला बी वारस लावा.”

मी तिला समजावलं. परवाना माणसाला असतो, घराला नसतो. यादी बंद आहे. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर घाम जमत होता. नवऱ्याच्या डबीतला शेवटचा तुकडा संपून दोन दिवस झाले होते. मी तिला बसवलं, जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावला. पलीकडून सज्जन उत्तर आलं. यादी बंद होण्यापूर्वीपासून सवय होती असं तिने लेखी दिलं, तर खास बाब म्हणून विचार करता येईल. पण तसं लेखी देणं म्हणजे एवढी वर्षं बिनपरवाना अफू खाल्ल्याची कबुली, आणि कबुली आली की आधी खटला भरावा लागेल. म्हणजे परवाना मिळायला गुन्हेगार व्हायला हवं, आणि गुन्हेगाराला परवाना नाही. मी फोन ठेवला. मला तेव्हा खात्याचा इतका राग आला, की पुढची दोन-तीन वर्षं बढतीच्या मुलाखतीत तो चेहऱ्यावर दिसत असावा.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात वर केले. नोंद नसलेल्या माणसाला अफू देण्याचा त्यांना अधिकार नव्हता आणि उलट्या-जुलाबाच्या गोळ्यांखेरीज दुसरं काही नव्हतं. ती त्या गोळ्या घेऊन एसटीत बसली. पुढच्या आठवड्यात कळलं, की हवालदारीण कोर्टासमोरच्या टपरीवर चहा प्यायला येते. कोर्टात काम नसलेली म्हातारी सहा मैलांवरून चहाला का येईल हे कळायला खात्यात असावं लागत नाही.

तात्यांची अफू म्हणजे अर्धा काथ, थोडा गूळ, आणि बाकी काय ते त्यांनाच माहीत. आज भारी, उद्या नुसती माती. सहा महिन्यांत त्या बाईचं चिपाड झालं. मी टपरीवर छापा घातला. पुतण्या सापडला, माल सापडला, आणि बाकावर पदराच्या गाठीत गोळी बांधून बसलेली हौसाबाईही सापडली. पंच यायच्या आत तिने उठून जावं म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो. ती उठली नाही. तिला उठवतच नव्हतं. पंच आले, त्यांनी बघितलं आणि नाव लागलं.

जामीन द्यायला कोणी नव्हतं. मद्रासच्या पोराला कळवायचं नाही, नाहीतर विहिरीत उडी घेते, असं तिने सांगितलं. ती कच्ची कैदी म्हणून सांगलीच्या तुरुंगात गेली. मी जेवलो नाही त्या दिवशी. घरी बायकोने विचारलं तर पोट बरं नाही म्हणालो.

पुढच्या तारखेला सांगलीला गेलो, तेव्हा हौसाबाई मला ओळखू आली नाही. गालावर मांस धरलेलं, डोळे उजळलेले. तुरुंगाचा डॉक्टर वयाने लहान पण कामाचा पक्का होता. कैदी तडफडत असेल तर उपचार करायचा अधिकार त्याला होता, आणि त्याच्या कपाटात अफूचा चोख अर्क होता. तो रोज मापून देत होता आणि हळूहळू, तिला कळणारही नाही असं, माप उतरवत होता. पावसाळाभर इथे राहिली तर पार सुटेल, अशी त्याची खात्री होती. बाहेर ठेवून हेच करता येणार नाही का, असं मी विचारलं. तो हसला. म्हणाला, बाहेरच्यांना औषध द्यायची मला बंदी आहे.

आणि मग एक दयाळू माणूस आडवा आला. तात्यांनी तिचा जामीन भरला. गावच्या सैनिकाची विधवा तुरुंगात खितपत पडली हे त्यांना बघवेना, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं. सातबारा घेऊन स्वतः कोर्टात उभे राहिले. पक्कं गिऱ्हाईक तुरुंगात अडकलं की व्यापाऱ्याचा जीव तुटतो हे मला समजत होतं, पण कोर्टाला समजायचं कारण नव्हतं. हौसाबाई अर्धवट सुटलेली बाहेर आली. पंधरवड्यात पुन्हा टपरीवर, तिथे पुतण्याही जामिनावर सुटून बसलेला.

पुढे पंच उलटले आणि तो खटला तिच्यापुरता पुराव्याअभावी निकाली निघाला. त्यानंतर एका सकाळी ती कचेरीत आली. बरोबर गावातल्या दोन शेजारणी होत्या, दोघी पार घाबरलेल्या. हौसाबाईने पदराची गाठ सोडली आणि काळी गोळी माझ्या टेबलावर ठेवली.

“ह्यो मुद्देमाल,” ती म्हणाली. “पंच बी आणल्यात. दोघी बी कधी पीत न्हाईत. आता धरा मला.”

कचेरीतला शिपाई हसला. मी तिला विचारलं, कशासाठी. ती म्हणाली, “त्या जेलातल्या डाक्टर पोरानं मला निम्म्यावर आणलं हुतं. आणिक थोडं ऱ्हाईलं असतं तर सुटले असते. तुमच्या जेलाबिगर मला दवाखाना न्हाई, सायेब.”

मी पंचनामा लिहिला. माझ्या सगळ्या नोकरीत एवढे प्रतिष्ठित पंच मला दुसरे मिळाले नाहीत. आपल्याला जामीन नको म्हणून तिने सही केली, आणि तात्यांना पुन्हा मध्ये पडायला सवड मिळू नये म्हणून मी मुद्दाम लगेचची तारीख मागून घेतली. सरकारी वकिलांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, आरोपीच्या भल्यासाठी तिला तुरुंगात टाका असं मी कुठल्या कलमाखाली सांगू.

मॅजिस्ट्रेट नवे होते, तरुण, मऊ स्वभावाचे. त्यांनी आरोप वाचून दाखवला, आजी, गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं.

“व्हय,” हौसाबाई म्हणाली. “लय वरसं खाते. मला पावसाळाभर आत ठिवा.”

मॅजिस्ट्रेटना वाटलं, म्हातारी भीतीने बरळते आहे. त्यांनी चष्मा काढला, तिचं वय पाहिलं, सैनिकाची विधवा हे पाहिलं, कबुली स्वच्छ दिली हे पाहिलं. आणि समज देऊन, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिला सोडून दिलं. खुर्चीतून जरा पुढे झुकून त्यांनी तिला सांगितलं, आजी, देवाचं नाव घ्या आणि हे सोडून द्या. कोर्टात सगळ्यांना बरं वाटलं. पट्टेवाल्यानेही मान हलवली.

शिक्षा झाली म्हणून रडणारे मी पुष्कळ पाहिले होते. सुटली म्हणून कोर्टाच्या पायरीवर बसून रडलेली हौसाबाई एकटीच. मी शेजारी उभा होतो. तिने डोळे पुसले आणि मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, “कोर्टाचा सायेब लय चांगला माणूस हाय. त्येला तरी कसं म्हाईत असणार.” मग उठून समोर टपरीकडे गेली.

त्या वर्षी दसरा तिने पाहिला नाही. तात्यांच्या त्या खेपेच्या मालात काय होतं ते कोणी तपासलं नाही, म्हातारं माणूस होतं, गेलं. यादी बंद ठेवून अफू संपवायची सरकारची योजना तिच्यापुरती तडीस गेली. खजिन्यातली पेटी पुढेही काही वर्षं दोन कुलपांत होती, आणि तिच्यातल्या अफूने कोणी मेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मयताला मी गेलो होतो. पोराला मद्रासहून पोचायला उशीर होणार होता, म्हणून सरणाची लाकडं तात्यांनी घातली. स्वतः उन्हात उभे राहून रचून घेतली. परतताना माझ्यापुढे दोन म्हातारे चालले होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणत होता, की गावात तात्यांसारखा एक तरी माणूस पाहिजे, अडल्यानडल्याला सरकार कुठं येतंय.